पुसता पुसता बघून होईल

आईला दीक्षेचं पांढरं लुगडं मीच नेसायला लावलं. सरकारी इमारत बघायला जायचं म्हणून.

रविवारची सकाळ होती. त्या इमारतीच्या मागच्या चौकात तिच्यापुढे एक बादली सरकवली गेली. बादलीत फडकं, शेजारी केरसुणी. सरकवणारा माणूस हसत होता. कुत्सित नव्हे. दारात पाहुणे आले की हसतात तसं. आई बादलीकडे बघत होती, बायको माझ्याकडे बघत होती, आणि मी त्या माणसाकडे बघून हसत होतो. तो हसला की आपण हसायचं, ही मला नोकरीची सवय.

चूक माझी. मला बोलावणं आलं आणि मी ते खरं धरलं. घरात, चाळीत, सगळ्यांना त्याचा वास आला होता. नाक चोंदलं होतं ते फक्त माझं.

आता पहिल्यापासून सांगतो.

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. नायगावच्या बीडीडी चाळीत आमची एक खोली. खोलीत आई, बायको चंद्रा, मुलगी शोभा आणि मी. दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. भिंतीवरचे जुने देव उतरवले होते, खिळे तसेच होते.

मी फोर्टातल्या एका जुन्या सरकारी इमारतीत पट्टेवाला होतो. नाव सांगत नाही. तिकडे तशा बऱ्याच आहेत, दगडी, उंच, आपल्यावर रागावल्यासारख्या. ज्याला जी आठवेल ती त्याने धरावी. दिवसा सरकारचा पट्टा लावायचा आणि संध्याकाळी सरकारविरुद्ध मोर्च्यात जायचं, असं माझं चाललं होतं. सरकारी नोकराने घोषणा देणं धोक्याचं. म्हणून मी मधल्या रांगेत राहायचो आणि तोंडावर रुमाल धरून ओरडायचो. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ चंद्रा म्हणायची, तुमची घोषणा तुमच्या रुमालालाच ऐकू जाते.

कचेरीत मला टपालाला लावलं होतं. दुसरा पट्टेवाला पाण्याला आणि चहाला. टपाल म्हणजे भरवशाचं काम, साहेबलोकांनी माझी हुशारी हेरली, असं मी घरी सांगितलं. त्या आनंदात पावशेर जिलबी आणली. हुशारीचा काही संबंध नव्हता. माझा हात माठाला लागू नये, एवढंच. हे मला फार उशिरा कळलं. जिलबी पचून गेल्यावर.

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब. गिरगावातलं जुनं घराणं. आजे-पणजे सगळे सरकारी कचेऱ्यांतून लिहून लिहून म्हातारे झालेले, आणि कोकणात खोती. खोती कायद्याने गेली होती. खोताचा आवाज कुठल्या कायद्याने जातो, ते अजून ठरायचं आहे. पण भाऊसाहेब चळवळीचे होते. सभांना पुढच्या खुर्चीवर असायचे. धोका पट्टेवाल्याला, हेडक्लार्कला कोण विचारतो. चहाच्या सुट्टीत टेबलाला टेकून बोलायचे, की आता जात विसरा, पात विसरा, मराठी माणूस तेवढा एक. मला ते फार आवडायचं. मी दाराशी उभा राहून मान हलवायचो. जात विसरायला मी कधीचाच तयार होतो. अडचण असली तर त्यांची होती.

आणि त्या इमारतीचा जिना.

पुढच्या दारातून आत गेलं की समोर रुंद दगडी जिना. एवढा रुंद की आमच्या खोलीतलं सगळं सामान एका पायरीवर मावलं असतं. आम्हा पट्टेवाल्यांना मागचा लोखंडी गोल जिना. पुढच्यावर पाय ठेवू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहावं लागत नव्हतं. मी तो जिना खालूनच बघितला होता. घरी मात्र मी तो रोज चढत होतो. कठड्यावर दोन दगडी सिंह आहेत, वर छताला रंगीत काचा आहेत, ऊन आलं की पायऱ्यांवर नक्षी पडते, असं मी जेवताना सांगायचो. सिंह एकच होता आणि त्याचं नाक पडलेलं होतं. काचांबद्दल मला काहीच माहिती नव्हती. पण शोभा जेवता जेवता हात थांबवून ऐकायची, मग मी आणखी थोड्या काचा बसवायचो. तिने ते सगळं शाळेत सांगितलं. पोरींनी विचारलं, तू बघितलंस का? झालं. रोज एकच धोशा, कधी नेणार.

एका सकाळी झाडूवाल्यांच्या मुकादमाने मला कचेरीच्या फाटकात गाठलं. म्हणाला, वर सांग. सोमवारी दिल्लीचा कोणी बडा पाहुणा येतोय, त्याच्यासाठी रविवारी सगळी इमारत धुवायची आहे. आमचा एक माणूस येणार नाही. जे मुंबई आमच्यापासून तोडायला निघाले, त्यांच्या पायाखालची फरशी आम्ही पुसणार नाही.

मी तो निरोप भाऊसाहेबांना दिला. त्यांनी ऐकून घेतला, चंची उघडली, सुपारी कातरली. दुपारी मला हाक आली.

“काय रे, घरी कोण कोण असतं तुझ्या?”

मी सांगितलं. आई, बायको, मुलगी. आईचा गुडघा दुखतो हेही सांगितलं. गुडघ्याचं त्यांनी विचारलं नव्हतं. पण कुणी घरचं विचारलं की मी वाहवत जातो.

“कधी आणलं नाहीस त्यांना. या रविवारी घेऊन ये सगळ्यांना. सुट्टी असते, कुणी नसतं. पुढचा जिना दाखवू, वरचा हॉल दाखवू. बघू देत की त्यांनाही.”

सकाळी निरोप मी नेला. दुपारी बोलावणं मला आलं. मध्ये फक्त जेवणाची सुट्टी होती. त्या सुट्टीत मी भाकरी खाल्ली. विचार केला नाही.

घरी मी ते असं सांगितलं, जणू दरबाराचं आमंत्रण आलंय. शोभाने उडी मारली. बाकी खोलीत गारठा.

चंद्रा गिरणीत वायंडिंग खात्यात होती. दिवसभर सूत गुंडाळून यायची आणि घरी आल्यावर माझं बोलणं उलगडायची. तिने पहिला प्रश्न विचारला, कशाला? मी म्हटलं, कशाला म्हणजे, बघायला. ती म्हणाली, आमचा मुकादम कधी नव्हे ते ‘पोरं कशी आहेत बाई’ असं विचारतो ना, त्या दिवशी सुट्टीचा भोंगा झाला तरी आम्ही घरी जात नाही. मी म्हटलं, तू गिरणीचं माप सरकारला लावू नकोस. ती म्हणाली, बरं, दुसरं सांगा. त्या जिन्यावर तुम्ही कधी चढलात का? मी म्हटलं, रोज. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

आई कोपऱ्यात गुडघ्याला तेल चोळत होती. ती विचारत होती वेगळंच. समद्यांना बोलावलंय का? पोरीला पण? मी म्हटलं, हो, सगळ्यांना, मुद्दाम म्हणाले सगळ्यांना. ती तेल चोळायची थांबली. मग म्हणाली, गावाला खोताच्या घरी लगीन निघालं का असंच बोलावणं यायचं. समद्यांनी या, घरात कोन ठेवू नका. महाराच्या घराला बोलावणं म्हंजे अख्ख्या घराला. बाप्ये लाकडं फोडायला, बाया सारवायला, पोरं गुरांच्या मागं. पंगत उठली का मग आमाला बघाया मिळायचं, मांडव कसा व्हता त्यो.

मी हसलो. म्हटलं, आई, ते गाव होतं. ही मुंबई आहे.

“व्हय. पर त्यो तुझा भाऊसाहेब, खोत गावचाच ना?”

मी तिला समजावून सांगितलं, की भाऊसाहेब चळवळीतले आहेत, जातपात मानत नाहीत, रोज भाषण करतात. आईने पुन्हा तेलाची वाटी ओढली. म्हणाली, बोलतो का? मंग मानत असंल.

चाळीत तर आणखी तऱ्हा. आमच्या मजल्यावर तात्या होता, चळवळीचा माणूस. भिंती रंगवायचा, सभेला माणसं काढायचा, दोनदा आत जाऊन आलेला. त्याला कळलं, की मी बायकापोरांसकट सरकारी इमारतीत जाणार, तेही सरकारच्याच बोलावण्यावरून. नळावर गेलो की गप्पा थांबायला लागल्या. एकदा तात्याने सगळ्यांदेखत विचारलं, काय रे, सरकारच्या पंगतीला बसतोस होय? किती जणांची नावं दिलीस? मी म्हटलं, अरे इमारत बघायला जातोय. तो म्हणाला, इमारत काय बघायची, बाहेरून दिसते की. ते खरं होतं. पण मला राग आला. मी ठरवलं, आता जायचंच.

म्हणजे आई भाऊसाहेबांवर संशय घेत होती, बायको माझ्यावर, चाळ आम्हा सगळ्यांवर. विश्वास ठेवणारा त्या सबंध नायगावात मी एकटा. गाढव आणखी वेगळं काय असतं?

मग मी तयारीला लागलो.

पहिलं, काळं काही अंगावर नको. पुढाऱ्यांना काळी निशाणं दाखवण्याचे ते दिवस. फाटकावर उगाच कुणाला शंका यायला नको. आईची छत्री रद्द. चंद्राची काळी चोळी रद्द. मग माझं लक्ष चंद्राच्या गळ्यातल्या पोतीकडे गेलं. मणी काळेच. याचं काय करावं, असं मी तिला अगदी गंभीरपणे विचारलं. ती म्हणाली, काढून ठेवते, सोबत तुम्हालाही ठेवते.

दुसरं, कपडे. शोभाला भोईवाड्यातल्या शिंप्याकडून पिवळा फ्रॉक शिवून आणला. आईने रोजचं लुगडं काढलं होतं. मी म्हटलं, ते नको, दीक्षेचं काढ. ती म्हणाली, ते मी मरताना घालायला ठेवलंय. मी म्हटलं, आई, आपण आता कोण आहोत ते त्यांना दिसलं पाहिजे. हे माझं वाक्य मला फार आवडलं होतं.

तिसरं, जिना. आईने आयुष्यात एवढा मोठा जिना चढलेला नव्हता. ती गोंधळली तर लोक हसतील, याची मला काळजी. म्हणून शनिवारी मी चाळीच्या जिन्यावर तालीम घेतली. खरंच घेतली. आई, उजव्या कडेनं. हात कठड्यावर. घाई नाही, खाली बघायचं नाही, कुणी बघतंय का ते तर बघायचंच नाही. आपलाच जिना आहे असं समजून चढायचं. आई बिचारी दोन वेळा वर-खाली गेली. पोरं कठड्यावर बसून टाळ्या वाजवत होती. तात्या वरून म्हणाला, म्हातारीला गव्हर्नर करतोस काय? मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, समजलं रं बाबा. आता उद्याला गुडघा ठेव थोडा.

चौथं, भाकरी. आईने भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी पिशवीत बांधली. मी हात जोडले. सरकारी इमारतीत बोंबील नको. तिने ऐकलं नाही. दुसऱ्याच्या दारात जाताना आपली भाकर आपल्यासंगं असावी, म्हणाली. एवढ्या एका गोष्टीत तिने माझं ऐकलं नाही, हे बरं झालं.

दादर टीटीला ट्राम धरली. शोभा खिडकीशी. वाटेत चंद्राला मी झाडूवाल्यांच्या मुकादमाचा निरोपही सांगितला, गंमत म्हणून. निघालो तेव्हा चाळीचे बरेच लोक खिडक्यांतून आमच्याकडे बघत होते. लग्नाच्या वऱ्हाडाकडे बघतात तसं नव्हे. दुसरंच.

फाटकावर हवालदार. बंदोबस्त आधीच लागला होता. त्याने आम्हाला लांबूनच हाताने थांबवलं आणि विचारलं, मोर्चा कुठला? चौघांचा मोर्चा. त्यात एक गुडघ्याने अधू आणि एक पिवळ्या फ्रॉकमधली. त्याने आईची पिशवी उघडायला लावली. फडकं सोडलं, भाकरी उलटसुलट करून बघितली, बोंबलाचा वास आला तशी मान मागे घेतली. मी सांगितलं, भाऊसाहेबांनी बोलावलंय. तो आत जाऊन आला. त्याचा चेहरा सैल झाला होता. म्हणाला, मग आधी नाही का बोलायचं. धुवायला आलेले ना? मागनं जा.

मला वाटलं, हवालदाराची काहीतरी गफलत झाली. बिचारा. मी मनातल्या मनात त्याला हसलो सुद्धा.

चंद्रा तिथेच थांबली. म्हणाली, ऐकलंत का? मी म्हटलं, अगं त्याला काय माहीत, चल. आईने पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं, घट्ट.

मागच्या चौकात भिंतीशी बादल्या मांडल्या होत्या. चार. आम्हीही चार. चौथी जरा लहान होती.

ती लहान बादली बघून तरी मला कळायला हवं होतं. कुणीतरी विचार करून ती निवडली होती. पोरीला जड होऊ नये म्हणून.

भाऊसाहेब गोल जिन्याच्या तळाशी उभे होते. रविवारचं धोतर, स्वच्छ सदरा. हसले. तेच ते हसणं. पायाने एक बादली आईच्या पुढे सरकवली आणि म्हणाले,

“या, या. वेळेवर आलात. आधी पुढचा जिना घ्या, मग वरचा हॉल. घाई नाही, सावकाश होऊ दे. पुसता पुसता सगळं बघून होईल.”

त्यांना खरंच वाटत होतं, की ते आमच्यावर उपकार करतायत. हे मला आजही जास्त खुपतं. फसवल्याची खूणसुद्धा तोंडावर नव्हती. त्यांच्या हिशोबात फसवणूक नव्हतीच. बघायला मिळणार होतं ना आम्हाला? मग झालं.

आणि मी काय केलं? मी हसलो. मग वाकलो आणि बादली उचलली. चंद्राला हळूच म्हणालो, पटकन उरकू, मग बघू. हे वाक्य माझंच. कुणी माझ्या तोंडात घातलेलं नव्हतं. आईच्या अंगावर दीक्षेचं लुगडं. कोण आहोत ते दाखवायला नेसवलेलं. आणि मी म्हणत होतो, पटकन उरकू.

शोभाने माझ्याकडे बघितलं. बापाने बादली उचलली म्हणजे बादली उचलायची असणार. तिने लहान बादलीतलं फडकं काढलं आणि पिळलं. चांगलं पिळलं. तिला येत होतं. नव्या फ्रॉकवर पाण्याचा ओघळ आला, तो ती दुसऱ्या हाताने झटकत होती.

चंद्रा जागची हलली नाही.

आणि आई तिथे नव्हती.

भिंतीच्या कोपऱ्यावरून पांढरं लुगडं वळताना दिसलं. डाव्या पायावर भार देत, पिशवी काखेत, आई पुढच्या बाजूला चालली होती. भाऊसाहेब म्हणाले, अरे, ही कुठे निघाली? आम्ही मागे धावलो. मीही धावलो, हातात बादली घेऊनच. पाणी माझ्याच पायावर डुचमळत होतं.

पुढचं दार उघडं होतं, सोमवारसाठी. आम्ही पोहोचलो तेव्हा आई जिन्यावर होती. उजव्या कडेने. हात कठड्यावर. घाई नाही. खाली बघत नव्हती, कोण बघतंय तेही बघत नव्हती. शनिवारी शिकवलं होतं तस्संच. तालीम मी घेतली होती आणि आता खाली बादली घेऊन मीच उभा.

“ए म्हातारे, तिकडनं नाही. खाली हो.”

हा भाऊसाहेबांचा आवाज. चहाच्या सुट्टीतला नव्हे. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आईने ऐकला असणार. तिने मान वळवली नाही.

ते माझ्याकडे वळले. “उतरव तिला. पाहुणा यायच्या आधी हिचे पाय लागायचे होते का? आता पुन्हा धुवायला लागणार सगळं.”

मी ऐकलं. आणि माझं नाक, ते इतके दिवस चोंदलेलं नाक, एकदम मोकळं झालं. जिना पुसताना आमचे पाय त्या पायऱ्यांना लागणारच होते. चौघांचे. ते चालणार होते. वाकून लागलेले पाय चालतात. ताठ उभं राहून लागलेले चालत नाहीत. त्या पायांनी जिना विटाळतो. मला टपालाला का लावलं होतं तेही त्याच क्षणी कळलं. जिलबी तेव्हा कडू झाली.

मी बादली खाली ठेवली. ओतली बितली नाही. नंतर सांगताना मी ती कितीदा तरी ओतली आहे, भाऊसाहेबांच्या धोतरावर ओतली आहे. खरं म्हणजे ठेवली. सांडू न देता, कडेला, कुणाच्या पायात येणार नाही अशी. शोभाच्या हातातलं फडकं घेतलं आणि बादलीत टाकलं. मग म्हणालो,

“ती बघायला आली आहे. बघून झालं की उतरेल.”

आवाज इतका बारीक निघाला, की भाऊसाहेबांनी “काय?” विचारलं. मला ते पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा जरा बरं निघालं. रुमाल नव्हता तोंडावर.

ते म्हणाले, दीक्षा घेतली म्हणजे शिंगं फुटली काय तुम्हाला? तुमच्यासारख्यांसाठी मी रोज घसा कोरडा करतो. चंद्राने विचारलं,

“झाडूवाले येणार नाहीत म्हणाले, म्हणून आम्हाला बोलावलं. असंच ना?”

हवालदार काठी घेऊन दारात आला होता, हुकुमाची वाट बघत. हुकूम द्यायचा तर मोठ्याने द्यावा लागला असता. मग रविवारी कुणाला कशासाठी बोलावलं होतं, तेही वर कळलं असतं. झाडूवाल्यांचा बहिष्कार मोडायला चळवळीतलाच माणूस निघाला, हे गिरगावात कळलं असतं. भाऊसाहेबांनी सुपारी चघळल्यासारखं तोंड हलवलं. हवालदार एकदा त्यांच्याकडे, एकदा जिन्यावरच्या पांढऱ्या लुगड्याकडे बघत राहिला.

चंद्राने शोभाचा हात धरला आणि चढायला लागली. सगळ्यात शेवटी मी.

आई मधल्या वळणावर बसली होती, नाक पडलेल्या सिंहाच्या शेजारी. पाय लांब केले होते. पिशवी सोडली, भाकरी काढली, आम्हाला अर्धी अर्धी दिली. त्या थंड दगडावर बसून आम्ही बोंबलाची चटणी खाल्ली. शोभा छताकडे बघत होती. मग कठड्याकडे. मग माझ्याकडे. दुसरा सिंह कुठाय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाहीये. आणि काचा? त्याही नाहीत. चंद्रा भाकरी चावत जिन्याकडे बघत होती, पण हसली.

आई हात फडक्याला पुसत म्हणाली, “खोताच्या घरचा जिना मी लगीन होईस्तवर पुसला. वर काय हाय ते मला ठाव नाय.”

मग उठली, कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या चढून गेली. वरचा हॉल कुलूपबंद होता. तिने दाराच्या फटीला डोळा लावून आत बघितलं. पुष्कळ वेळ. मग म्हणाली, खुर्च्या हायत. चला.

आम्ही पुढच्याच जिन्याने उतरलो आणि पुढच्याच दाराने बाहेर पडलो. मी ठेवलेली बादली जिथल्या तिथे होती.

सोमवारी माझा पट्टा काढून घेतला नाही. तेवढी घाई ते करत नाहीत. त्या आठवड्यातच मला जुन्या कागदांच्या गोदामात पाठवलं, फोर्टापासून लांब. तिथे उंदीर होते आणि मी होतो. माठ मात्र माझा एकट्याचा होता.

मोर्चे मी सोडले नाहीत. पुष्कळांना वाटलं सोडीन. तात्यालाही वाटलं. पुढच्या सभेला भाऊसाहेब पुढच्या खुर्चीवर होते. मुंबई कुणाची, अशी वरून हाक आली. आमची, असं मैदान म्हणालं. भाऊसाहेबही म्हणाले, हात वर करून. मी रुमाल खिशात ठेवला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन, त्यांच्या कानाशी, जेवढा होता तेवढा आवाज काढून म्हणालो, आमची. त्यांनी वळून बघितलं. मीही बघत राहिलो. त्या दिवशी हसलो नाही.

त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावर माणसं जमली. रविवारचं काय झालं, ते सगळ्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. बादली आली तेव्हा ती भाऊसाहेबांच्या धोतरावर ओतली. लोक खूष झाले. तात्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

मग मला बोलायला जोर आला. मी म्हटलं, मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे. त्यासाठी डोकं फुटलं तरी माझी तयारी आहे. पण मिळाल्यावर तिच्या जिन्यावरून कोण चढणार आणि जिना कोण पुसणार, हे मी आत्ताच विचारणार. गुलाल पडल्यावर नाही. यापुढे कुणी बोलावलं म्हणून जाणार नाही. जायचं असेल तिथे आपण होऊन जाईन, पुढच्या दाराने. आणि माझ्या पोरीच्या हातात यापुढे कुणी फडकं दिलं, तर तो माझा मराठी भाऊ नाही, तो खोत. मग तो कुठल्याही खुर्चीत बसलेला असो.

हे बोललो ते मात्र खरं होतं. त्यातला एक शब्द मी आजवर मागे घेतलेला नाही.

चंद्रा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न काढता म्हणाली,

“पाणी ओतलं ते सांगितलंत. आत्याबाई जिना चढत होत्या तेव्हा बादली कुणाच्या हातात होती, ते पण सांगा की त्यांना.”